चातुर्मासातला पडदा

आषाढी एकादशी झाली की आमचा धंदा बसतो. मंडप, साउंड, लाइट, जनरेटर, सतरंज्या, खुर्च्या, सगळं गोडाऊनमध्ये जातं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत लग्नाचे मुहूर्त नाहीत. मधे गणपती-नवरात्राची कामं येतात तेवढीच. आमचं गाव तापीच्या उत्तरेला, चोपडा-शिरपूर पट्ट्यात. गावाच्या टोकाला एक जिनिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारा कारखाना. आमचं सामान ज्या महिन्यांत पडून असतं, नेमक्या त्याच महिन्यांत जिनिंगची मोठी शेडही रिकामी असते. मागच्या हंगामाचा कापूस संपलेला आणि नव्या कापसाच्या खरेदीचं काटापूजन व्हायला अजून वेळ. या दोन रिकाम्या गोष्टी एकत्र आणून आम्ही २०१८ पासून, कोरोनाची दोन वर्षं सोडून, पुरस्कार मिळालेले छोट्या खर्चाचे चित्रपट आणि माहितीपट दाखवतो. ते कसं जमवलं, कुठे अडलं, हे लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. दुसऱ्या एखाद्या गावात कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

सुरुवात वडिलांपासून करतो, कारण पडदा आमच्या घरात त्यांच्यामुळे आला. आप्पा तरुणपणी तंबू टॉकीजवर मशीन चालवायचे. सारंगखेड्याची दत्ताची यात्रा, अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा, मधल्या गावांचे उरूस, असं वर्षभर फिरणं. तेव्हा मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या. दोन कांड्यांमधलं अंतर हाताने सारखं राखावं लागायचं, नाहीतर पडद्यावरचा उजेड पिवळा पडायचा. 'श्यामची आई' त्यांनी किती गावांत दाखवला याची गणती नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात मास्तर होते, त्यामुळे आपल्याच मास्तरांचा सिनेमा म्हणून आमच्या भागात लोक बैलगाड्या जुंपून यायचे. आचार्य अत्र्यांच्या त्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर तो मान मराठीला पुन्हा मिळायला 'श्वास' यावा लागला, मधे पन्नास वर्षं गेली. आप्पा हे सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात अजून कळवळा असतो.

२०१६ नंतरची गोष्ट. प्रोजेक्टरचा दिवा आणायला मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो होतो. एका मित्राने संध्याकाळी एका प्रयोगाला नेलं. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट होता, शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा. कान महोत्सवात २०१६ साली त्याचा विशेष उल्लेखाने गौरव झालेला. पडद्यावर काय, तर महाराष्ट्रातल्या जत्रांतले तंबू टॉकीज. गंजलेले ट्रक, अडकणारं रीळ, आणि प्रकाश नावाचा एक मशीन दुरुस्त करणारा कारागीर, ज्याने स्वतःच्या कल्पनेने नवा प्रोजेक्टर बनवलाय. मी आमचंच घर बघत होतो. घरी आल्यावर आप्पांना पूर्ण चित्रपट सांगितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जेवताना. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "मशीन कोणतं व्हतं?"

त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या मातीतल्या माणसांवर बनलेला चित्रपट फ्रान्समध्ये लोकांनी पाहिला, मुंबईत पाहिला, आणि ज्याने आयुष्यभर ते मशीन ओढलं त्याने तो ऐकून घ्यायचा. हे मला सहन होत नव्हतं. आमच्याकडे प्रोजेक्टर आहे, स्पीकर आहे, मांडव आहे. मग अडतं कुठे?

पहिलं अडलं ते निवडीत. पुरस्कार हजार असतात. बऱ्याच महोत्सवांची नावं ऐकायला मोठी असतात आणि आत काही नसतं. दोन वर्षं मी रात्री बसून बघत गेलो आणि माझी एक खूण ठरली. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाला मिळालेला पुरस्कार मी जास्त मानतो. पहिला चित्रपट माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या गावाचा, स्वतःच्या घरातल्या दुखण्याचा करतो. 'श्वास' संदीप सावंतांचा पहिला, 'फँड्री' नागराज मंजुळेंचा पहिला, 'कोर्ट' चैतन्य ताम्हाणेंचा पहिला, 'कूळांगल' पी. एस. विनोदराज यांचा पहिला, 'साबर बोंडं' रोहन कानवडेंचा पहिला. व्हेनिसला पदार्पणाच्या चित्रपटासाठी वेगळा पुरस्कार आहे, रॉटरडॅमचा टायगर पुरस्कार नव्या दिग्दर्शकांसाठीच आहे, आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांतही पदार्पणाचा वेगळा पुरस्कार आहे. या तीन याद्या दरवर्षी बघितल्या तरी बघण्यासारखं खूप हाती लागतं. खूण म्हणजे कायदा नव्हे. रीमा दास यांचा 'व्हिलेज रॉकस्टार्स' त्यांचा पहिला चित्रपट नाही, पण आसाममधल्या स्वतःच्या गावात जाऊन, स्वतः कॅमेरा धरून, स्वतः संकलन करून त्यांनी तो केला आणि २०१८ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गिटारचं स्वप्न बघणारी ती धुनू आमच्या गावातल्या पोरींना अजून नावानिशी आठवते.

दुसरं अडलं परवानगीत. हे नीट सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. घरी मोबाइलवर पैसे भरून घेतलेला चित्रपट चारचौघांत पडद्यावर लावता येत नाही. फुकट दाखवतोय म्हणून चालतं, असंही नाही. ज्याच्याकडे चित्रपटाचे हक्क त्याची लेखी परवानगी लागते, आणि सार्वजनिक प्रयोगासाठी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र असलेलीच प्रत लागते. तो १९५२ चा कायदा आहे. मी पहिल्या वर्षी सात ठिकाणी पत्रं पाठवली. कोणत्या गावात, कोणत्या जागी, किती लोक, तिकीट नाही, एकच प्रयोग, असं साध्या मराठीत आणि खाली भाचीकडून इंग्रजीत. दोन होकार आले. एका निर्मात्याने पैसे न घेता परवानगी दिली आणि प्रयोग झाल्यावर लोक काय म्हणाले ते कळवा, एवढंच मागितलं. दुसऱ्याने वाजवी फी सांगितली. एका वितरण कंपनीने मात्र चार महिने 'बघतो, कळवतो' केलं आणि शेवटी शहरातल्या मल्टिप्लेक्सचा दर लावला. तो विषय तिथेच सोडला. आता मी माघ महिन्यातच पत्रं लिहायला घेतो. स्वतंत्र चित्रपट करणारी माणसं बहुधा स्वतःच मेल वाचतात. त्यांना आपलं गाव कसं आहे हे दोन ओळींत सांगितलं की उत्तर येण्याची आशा वाढते.

जिनिंगच्या शेठजींनी जागा दिली, अट एकच घातली: आत बिडी-सिगारेट नाही. रुईचा धागा कोपऱ्याकोपऱ्यात साचलेला असतो, एक ठिणगी बास. आम्ही दाराशी पाण्याचे दोन ड्रम आणि वाळूच्या बादल्या ठेवतो. त्या रुईने प्रोजेक्टरचीही परीक्षा घेतली. हवेत तरंगणारे बारीक तंतू पंख्याच्या जाळीत ओढले जातात, जाळी बंद होते, मशीन तापतं आणि मधेच बंद पडतं. आता दुपारी शेड झाडून पाणी मारतो, जाळी उघडून मऊ ब्रशने साफ करतो, आणि मशीन जमिनीपासून पाच फूट उंच घोडीवर ठेवतो. पडदा मांजरपाटाचा. दोन पन्हे जोडून शिवलाय, पण शिवण आप्पांनी खाली घ्यायला लावली. "शिवन मधे आली ते सगळास्ना तोंडवर व्रण दिसी," म्हणाले. ते दर प्रयोगाला पडद्याच्या चारही कडा बोटाने वाजवून बघतात. सैल वाटली तर दोरी पुन्हा ताणायला लावतात.

पहिल्या वर्षी 'कोर्ट' लावला. व्हेनिसला २०१४ मध्ये त्याला दोन पुरस्कार मिळाले, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका लोकशाहिरावर खटला आहे. त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला, असा आरोप. शाहिराचं काम केलेले वीरा साथीदार स्वतः चळवळीतले होते. २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. मला धाकधूक होती. कॅमेरा एका जागी उभा राहतो आणि समोर कोर्ट चालतं, बस. गाणी-मारामारीची सवय असलेले लोक बसतील का?

पंचविसाव्या मिनिटाला पाऊस आला. शेडचे पत्रे. एक शब्द ऐकू येईना. 'कोर्ट'मध्ये माणसं हळू बोलतात, कोर्टात बोलतात तशी. मी प्रयोग थांबवला. चहा करायला लावला. पाऊण तास पाऊस पडत होता आणि मला वाटलं, गेला प्रयोग. पण उठून गेले ते दहा-बारा जण. बाकीचे पडद्यावर थांबलेल्या कोर्टाकडे बघत आपापल्या केसेस सांगत बसले. बांधाची केस, वाटणीची केस, अपघाताच्या भरपाईची केस. कोणाची अकरा वर्षं, कोणाची सतरा. पाऊस थांबून चित्रपट पुन्हा सुरू झाला तेव्हा ते सगळे आधीच कोर्टात बसलेले होते.

त्या चित्रपटात सरकारी वकीलबाई इंग्रजीतून कायद्याची कलमं वाचत सुटतात, लांबच लांब. मी त्याचं मराठी भाषांतर पडद्याखाली टाकलं नव्हतं, वेळच मिळाला नव्हता. प्रयोगानंतर मी त्याबद्दल माफी मागितली. पुढच्या ओळीतले एक नाना म्हणाले, "राहू दे भाऊ. आम्हालेबी असंच वाची दखाडतस." आम्हालाही असंच वाचून दाखवतात. तेव्हापासून मी ती कलमं मुद्दाम तशीच ठेवायची ठरवली. शेवटाकडे कोर्टाला सुटी लागते, खोलीतले दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. लोक उठले, चपला शोधू लागले. आप्पा ओरडले, "बठा! मशीन चालू शे!" आणि खरंच, पुढे जज्जसाहेबांच्या सहलीचा भाग सुरू झाला. न्याय देणारा माणूस सुटीत कसा असतो हे लोकांनी उभ्याउभ्याच बघितलं, कोणी परत बसलंच नाही.

भाषेचं काम त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू झालं. मला उत्तम मराठी चित्रपटांवर थांबायचं नव्हतं. तामिळ, आसामी, कुठलीही भाषा असो, माणूस आपल्यासारखा असेल तर तो आमच्या शेडमध्ये यावा. पण बाहेरच्या चित्रपटांखाली इंग्रजी अक्षरं असतात आणि आमच्याकडे ती वाचणारे मोजके. म्हणून मराठी सबटायटल करायला शिकलो.

निर्मात्याकडून इंग्रजी सबटायटलची फाइल मागवायची आणि मराठी करण्याची परवानगी त्याच पत्रात घ्यायची. फाइल साधी असते: ओळीचा क्रमांक, ती कितव्या सेकंदाला येते आणि कितव्या सेकंदाला जाते, मग मजकूर. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडून इंग्रजीच्या जागी मराठी लिहायचं. ऐकायला सोपं. पण आमची पहिली फाइल पडद्यावर आली तेव्हा अक्षरांच्या जागी चौकोन दिसले. ते निस्तरलं तर जोडाक्षरं फुटली, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे गेली, रफार उडाला. शेवटी कळलं की फाइल युनिकोडमध्ये जतन करायची आणि अक्षरं चित्रातच कायमची छापून घ्यायची, म्हणजे कुठल्याही मशीनवर तशीच दिसतात.

त्याहून मोठा धडा लांबीचा. माझी पुतणी सातवीत होती आणि तिची आजी चौथी शिकलेली. दोघींना शेजारी बसवून चित्रपट लावला. पुतणीने ओळ वाचून संपवली तेव्हा आजी दुसऱ्या शब्दावर होती. मग आजीचा वेग हाच आमचा वेग ठरला. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण पाच शब्द, आणि ओळ निदान तीन सेकंद पडद्यावर. समजा कोणी म्हणतोय, 'तू आज शाळेत का गेला नाहीस ते मला आत्ता सांग', तर खाली 'शाळा का बुडवली?' एवढंच. चेहरा बाकीचं सांगतो. जास्तीचा शब्द काढून टाकायला मी या कामात शिकलो, आणि सांगतो, फार जीव लावून शिकलो. एकेका चित्रपटाला दीड-दोन महिन्यांच्या रात्री लागतात.

तरीही सतरंजीवरच्या निम्म्या बाया वाचत नव्हत्या. काहींना येत नाही, काहींना चष्मा नाही. त्यावर उपाय जिजींनी काढला. जिजी निवृत्त अंगणवाडी सेविका, गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्या म्हणाल्या, मी बाजूला बसून अहिराणीत सांगते. मला भीती वाटली की चित्रपटाचं कीर्तन होईल. पण जिजी आमच्या घरी येऊन तीन वेळा चित्रपट बघून गेल्या, वही घेऊन. कुठे बोलायचं यापेक्षा कुठे बोलायचं नाही याच्या खुणा त्यांच्या वहीत जास्त होत्या. "जठे त्या गप्प शेतस, तठे मी बी गप्प," म्हणाल्या. त्यांच्यासाठी वेगळा छोटा स्पीकर फक्त बायांच्या बाजूला लावतो, आवाज अगदी बारीक, कानाशी कोणी कुजबुजल्यासारखा. आप्पा सांगतात की मुक्या चित्रपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस असायचा. त्यांनी तो पाहिला नव्हता, त्यांच्या उस्तादाकडून ऐकलं होतं.

२०२४ च्या भाद्रपदात 'कूळांगल' लावला. कूळांगल म्हणजे गोटे, खडे. २०२१ मध्ये रॉटरडॅमचा टायगर पुरस्कार मिळालेला, पुढे भारताकडून ऑस्करला पाठवलेला. सव्वा तासाचा चित्रपट. दारुडा बाप शाळेतून पोराला ओढून नेतो, माहेरी निघून गेलेल्या बायकोला परत आणायला, आणि येताना बापलेक तापलेल्या माळावरून पायी चालतात. दिग्दर्शकाच्या बहिणीला सासरच्यांनी घालवून दिलं तेव्हा ती मूल कडेवर घेऊन तेरा किलोमीटर चालत माहेरी आली होती. तिथून ही गोष्ट जन्मली. तामिळमध्येही बापाला अप्पा म्हणतात हे आमच्या आप्पांना फार आवडलं.

सबटायटल करताना एक अडचण आली ती इथे सांगतो. त्या चित्रपटातला माळ इतका उन्हाने पांढरा पडलेला आहे की पांढरी अक्षरं त्यात विरून जातात. फिकट पिवळा रंग आणि काळी किनार दिली तेव्हा ती उठली. ते ऊन आमच्या लोकांना समजावून सांगावं लागलं नाही. वैशाखात पंचेचाळीस-सेहेचाळीस सहन करणारी माणसं. पोरगं तहान मारायला तोंडात खडा ठेवतं तेव्हा मागून कोणीतरी आवंढा गिळल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ते पोरगं आरशाच्या तुकड्याने बापाच्या पाठीवर ऊन पाडतं तेव्हा मुलं हसली, आणि मग हसू थांबलं. पुरुषांच्या बाजूला एक जण होता, नाव लिहीत नाही. घरात रोजचा तमाशा. तो मधेच उठून दारापर्यंत गेला. मला वाटलं गेला. पण दाराच्या चौकटीला टेकून त्याने उरलेला पूर्ण चित्रपट बघितला.

शेवट पाण्यावर आहे. बाया एका खड्ड्याभोवती बसल्यात. आमच्याकडे नदीच्या वाळूत उकरतात तो झिराच. वाटीवाटीने पाणी झिरपतं, ती वाटी हंड्यात जाते, पुढची बाई वाट बघते. कॅमेरा तिथून हलत नाही. जिजी गप्प. शेडमध्ये रातकिडे ऐकू येत होते. आमचा एक पोरगा, मांडवावर कामाला आहे, त्याला वाटलं चित्रपट संपला. तो बटणाकडे गेला. तेवढ्यात सतरंजीवरून एका म्हातारीचा आवाज आला:

"हंडा भरू द्या रे, मंग लाइट लावा."

पोरगा हात खाली घेऊन उभा राहिला. पडद्यावरची नावं पूर्ण सरकून जाईपर्यंत लाइट लावला नाही. तो नेम तेव्हापासून आहे. नावं संपल्याशिवाय लाइट लावायचा नाही.

पुढच्या वर्षी 'स्थळ'. जयंत सोमलकरांचा हा चित्रपट विदर्भातल्या गावात तिथल्याच माणसांना घेऊन केलाय. टोरंटोला २०२३ मध्ये त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि २०२५ च्या मार्चमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. तारीख ठरवताना माझी मोठी चूक झाली. श्रावणातला रविवार धरला आणि तो नेमका कानबाईच्या सणाचा निघाला. कानबाईला सगळं खान्देश घरी येतं, रोट असतो, रात्रभर जागरण. शेडमध्ये नऊ माणसं. प्रयोग रद्द करून पुढच्या शनिवारी घेतला, निर्मात्यांना तारीख बदलल्याचं कळवावं लागलं. पण तो शनिवार असा भरला की बाया सरकीच्या पोत्यांवर चढून बसल्या. सुरुवातीलाच एक स्वप्न आहे: मुली मुलाला बघायला येतात, तो खाली मान घालून बसलाय आणि प्रश्न विचारतात त्या मुली. बायांच्या बाजूने जो हशा उठला तसा मी माझ्या कुठल्याच मांडवात ऐकला नाही. मग खरं सुरू झालं. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. तेच प्रश्न पुन्हा, आणखी एका घरापुढे पुन्हा. हशा ओसरत गेला. बापाचा कापूस, त्याचा पडलेला भाव, त्यातून निघायचा हुंडा, हा हिशेब तर शेडमधला प्रत्येक जण मनातल्या मनात करत होता. संपल्यावर एक बाई जिजींना विचारत होत्या, "आंडेरनं लगीन व्हयनं का नई?" पोरीचं लग्न झालं की नाही? जिजी म्हणाल्या, "तुमीच सांगा." लग्नाचे मांडव घालून आमचं घर चालतं. त्या रात्री गुंडाळताना हे मला फार जाणवलं.

काही चित्रपटांचे हक्क मिळत नाहीत, ते आम्ही पाच-सहा जण घरीच बघतो. 'हनीलँड' तसाच. उत्तर मॅसेडोनियातल्या ओसाड गावात आजारी आईबरोबर राहणारी हातिजे मध काढताना अर्धा पोळ्यातल्या माशांना ठेवते, अर्धा स्वतः घेते. एकाच वर्षी माहितीपट आणि परदेशी चित्रपट अशी ऑस्करची दोन्ही नामांकनं त्याला मिळाली. शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स'ही घरीच पाहिला. दिल्लीत जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दोन भावांवरचा हा माहितीपट सनडान्सला आणि कानला, दोन्हीकडे जिंकला. मिळाले तर हे दोन्ही चुकवू नका.

माहितीपट म्हटलं की आमच्याकडची जुनी माणसं आधी हात झटकायची. चित्रपटापूर्वी दाखवावी लागणारी सरकारी रीळं त्यांना आठवतात; आप्पांनीही ती वर्षानुवर्षं लावली. त्यांचं मत बदललं ते 'सुपरमेन ऑफ मालेगाव'ने. शेजारचं मालेगाव, ओळखीची बोली, आणि सायकलवर बसून कॅमेरा फिरवणारी यंत्रमाग गावातली माणसं. फैजा अहमद खान यांचा हा माहितीपट मी कोणालाही डोळे मिटून सांगतो.

यंदाच्या जानेवारीत पहिल्यांदाच आम्ही पडदा गावाबाहेर नेला. तळोदा तालुक्यात सरदार सरोवरातल्या विस्थापितांच्या वसाहती आहेत. महाराष्ट्रातली तेहतीस गावं त्या धरणात आली, सगळी अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी १९९५ मध्ये 'अ नर्मदा डायरी' केला, मणिबेली आणि आसपासच्या गावांतली आंदोलनाची वर्षं त्यात आहेत. त्याला माहितीपटाचा फिल्मफेअर मिळाला होता. त्या वसाहतीतला एक तरुण शिक्षक आमच्या शेडमध्ये येऊन गेला होता. त्यानेच बोलावलं.

माझी अहिराणी तिथे चालणार नव्हती, म्हणून तो शिक्षक पावरी आणि भिलोरी या तिथल्या बोलींत सांगायला बसला. पण त्याला सांगायला जागाच मिळाली नाही. पहिली माणसं पडद्यावर आली आणि समोरची माणसं बोलायला लागली. हा कोणाचा बाप, ही कोणाची आत्या, हे घर कोणाचं. घरावरून वाद झाला. एक म्हणतो आमचं, दुसरा म्हणतो तुमचं वरच्या अंगाला होतं. "मागे घ्या," म्हणाले. मागे घेतलं. पुन्हा मागे. आप्पांच्या काळात रीळ मागे फिरवता येत नसे, ते माझ्याकडे बघत होते. तासाभराचा माहितीपट, आम्हाला अडीच तास लागले. वीस-बावीस वर्षांची पोरं, ज्यांनी ते गाव कधीच पाहिलं नव्हतं, ती पुढे सरकत सरकत पडद्याच्या अगदी पायाशी येऊन बसली होती.

नदी दिसते तिथे एका म्हाताऱ्या बाबांनी काठी उचलली. थांबा. मी चित्र थांबवलं. त्यांनी मान हलवली, तसं नाही. शिक्षक त्यांच्याजवळ गेला, ऐकून आला.

"चित्र चालू ठेवा म्हणताहेत," तो म्हणाला. "फक्त आवाज वाढवा. पाण्याचा आवाज ऐकायचाय त्यांना."

लाइन चालू होती, जनरेटर बंद होता. मी थोडं मागे घेऊन पुन्हा लावलं आणि अॅम्प्लिफायरचा कान शेवटपर्यंत फिरवला.